हँडव्हील उतरवल्यावर

मिलिंग मशीनच्या टेबलाला डायल गेजचं टोक टेकवायचं आणि हँडव्हील उजवीकडे सावकाश फिरवायचं. काटा फिरू लागतो. एक शतांश मिलिमीटर, दोन, दहा, वीस. मग तेच हँडव्हील डावीकडे फिरवायचं. हँडव्हीलवरच्या रेघा पुढे सरकत राहतात, डायलचा काटा मात्र जागचा हलत नाही. हात फिरतोय, स्क्रू फिरतोय, पण टेबल उभंच आहे. चेन्नईच्या मोगप्पैरमधल्या एका घराच्या तळमजल्यावर, जिथे शेजारचे लोक गाड्या लावतात तिथे उभ्या असलेल्या छोट्या मशीनवर काटा पंधरा रेघा थांबला आणि मग टेबल हललं. "हे पंधरा शतांश आधी घालवायचे," यजमान म्हणाले. "मोटारी नंतर. लोक उलटं करतात, आणि मग वर्षभर कॉम्प्युटरला शिव्या देतात."

यंदाच्या अंकाचा विषय 'हात' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा हातमाग, कुंभाराचं चाक, वाद्यं अशी यादी सहज समोर आली. मला मात्र हातानं चालणारं यंत्र स्वयंचलित होताना बघायचं होतं. हात काढून घेतल्यावर त्या जागी नेमकं काय बसवावं लागतं, हे ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांच्याकडूनच कळणार. चेन्नईत अशी माणसं आहेत. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत आयुष्य गेलेली, घरी एखादं छोटं मशीन ठेवणारी आणि त्याला सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणारं, करण्याच्या नादात रविवार घालवणारी. माझे यजमान मूळचे सांगलीकडचे. नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. तमिळ अस्खलित बोलतात, पण आकडे मोजताना नकळत मराठीत मोजतात.

मिलिंग म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकतो. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगमध्ये फिरतं ते कटर, आणि टेबलावर आवळलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. डावी-उजवीकडे, पुढे-मागे, आणि कटरचं डोकं वर-खाली. या तीन दिशांसाठी तीन हँडव्हीलं. खाच पाडायची, पृष्ठभाग सपाट करायचा, ठरलेल्या अंतरावर भोकं पाडायची, ही कामं हातानं उत्तम होतात. पण एखादी वक्र कड, एखादं वर्तुळाकार पाकीट कोरायचं तर दोन हँडव्हीलं एकाच वेळी, एकमेकांशी बदलत्या प्रमाणात फिरवावी लागतात. ते माणसाला जमत नाही. म्हणून हँडव्हील उतरवायचं, तिथे मोटर बसवायची आणि किती फिरायचं ते कॉम्प्युटरला सांगू द्यायचं. बाजारात याचे तयार संच मिळतात. बॉक्स उघडा, जोडा, चालवा. कागदावर एवढंच आहे.

हात काय काय सांभाळून घेतो

टेबल सरकवणारा स्क्रू समलंब आट्यांचा असतो आणि त्याचा नट पितळेचा किंवा बीडाचा. आटा नटात फिरायचा तर दोघांत थोडी फट हवीच, आणि ती वर्षागणिक वाढते. दिशा बदलली की आटा आधी ती फट ओलांडतो, मग पलीकडच्या बाजूला टेकतो आणि मगच टेबल सरकतं. यालाच बॅकलॅश म्हणतात. जुन्या मशीनवर तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंतही जातो आणि तरीही त्याच मशीनवर एखादा चांगला मिलर शतांशात काम काढून देतो.

कसं? तो प्रत्येक मापावर एकाच बाजूनं येतो. माप ओलांडलं गेलं तर थोडंसं मागे येऊन भागत नाही. तो चांगला पाऊण-एक फेरा मागे जातो आणि पुन्हा त्याच बाजूनं मापावर येतो. फट नेहमी एकाच अंगाला दाबलेली राहते, म्हणजे मापापुरती ती नसल्यासारखीच. हे तो ठरवून करत नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षात उस्तादानं टपली मारून शिकवलेलं मनगटात बसलेलं असतं.

दुसरी गोष्ट कटरच्या दिशेची. कटरचे दात जॉबच्या चालीविरुद्ध फिरत कापतात ते अप मिलिंग, आणि चालीच्या दिशेनं कापतात ते डाऊन मिलिंग. डाऊन मिलिंगमध्ये पृष्ठभाग अधिक गुळगुळीत येतो, कारण दात जाड कीस घेऊन आत शिरतो आणि पातळ होत बाहेर पडतो. पण त्यात कटर जॉबला स्वतःकडे ओढतो. स्क्रूमध्ये फट असेल तर टेबल त्या फटीइतकं एकदम पुढे उडी घेतं, दातावर दुप्पट-तिप्पट भार येतो आणि कटर तुटतो. म्हणून हातमशीनवर सगळे अप मिलिंगच करतात. सीएनसीचे प्रोग्राम मात्र बहुधा डाऊन मिलिंग गृहीत धरूनच लिहिलेले असतात.

तिसरी गोष्ट शब्दांत सांगणं अवघड आहे. सरकपट्ट्या कोरड्या पडल्या की हँडव्हील जड लागतं. कटर बोथट झाला की आवाज बदलतो आणि तळव्याला बारीक थरथर जाणवते. मिलर लगेच चाल कमी करतो, तेलाचं बोट फिरवतो, कटर बदलतो. एकेक पायरीनं, म्हणजे स्टेपनं, फिरणाऱ्या साध्या स्टेपर मोटरला यातलं काहीही जाणवत नाही. भार झेपला नाही तर ती काही स्टेप चुकवते आणि कोणाला न सांगता पुढे चालू लागते. तिथून पुढचा अख्खा जॉब चुकलेल्या जागेवर कापला जातो.

म्हणजे हँडव्हील उतरवलं की मशीनचे आजवर हातानं झाकून घेतलेले सगळे दोष एकाच दिवशी उघडे पडतात. मग ते लोखंडातच दुरुस्त करावे लागतात. चेन्नईत ज्यांच्या ज्यांच्या शेडमध्ये गेलो, त्यांचे पैसे आणि महिने मुख्यतः इथेच गेलेले दिसले. कॉम्प्युटरचा वाटा त्यात थोडाच होता.

जॉर्ज टाऊनची खरेदी

पॅरीज कॉर्नरपासून आत वळलं की जॉर्ज टाऊनच्या जुन्या व्यापारी गल्ल्या लागतात. लिंगी चेट्टी स्ट्रीट त्यांतली एक. दुकानं अरुंद आणि खोल. पुढच्या भागात बेअरिंग, कटर, ड्रिल, नट-बोल्टची खोकी, आणि मागे अंधारात कुणालाही नेमका आकडा सांगता येणार नाही इतका माल. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीट डोळ्यांसमोर आणावी. यजमानांनी इथे घेतले ते अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग, जोडीनं. खुणा जुळवून समोरासमोर बसवायचे म्हणून जोडी एकाच बॅचची हवी, यावर काउंटरपलीकडच्या गृहस्थांशी त्यांची बराच वेळ तमिळमध्ये चर्चा झाली. अखेर खोकी उघडून, खुणा वाचून सौदा ठरला.

या बेअरिंगांत बसणार बॉलस्क्रू. त्याच्या आट्यांची खाच गोलाकार असते आणि नटाच्या आत पोलादी गोळ्यांची रांग फिरत राहते. आटा आट्यावर घासत नाही, गोळ्यांवरून घरंगळतो. घर्षण फार कमी, आणि गोळ्या थोड्या घट्ट बसवल्या तर फट जवळजवळ शून्य. छंदवाल्यांत चालतो तो १६ मिलिमीटर व्यासाचा, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा, लाटून बनवलेला स्क्रू. त्याची प्रत सी७. म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीत ५० मायक्रॉनपर्यंत चूक चालते. ग्राइंड केलेला स्क्रू याहून कितीतरी अचूक, आणि किमतीत कितीतरी पुढे.

इथे एक अडचण येते आणि ती फार खरी आहे. बॉलस्क्रूची टोकं बेअरिंगला बसतील अशी वळवून घ्यावी लागतात, आणि स्क्रूचं अंग कडक केलेलं असतं. नटासाठी नवा ठोकळा लागतो. मोटर बसवायला प्लेट लागते, तिची भोकं अक्षाशी तंतोतंत जुळायला हवीत. हे सगळं करायला मिलिंग मशीन लागतं, आणि घरचं मशीन तर सुटं होऊन पडलेलं. म्हणून जाणते लोक क्रम आधी ठरवतात. तिन्ही दिशांचे ठोकळे, प्लेटा, बेअरिंगची घरं हातमशीन शाबूत असतानाच त्याच मशीनवर करून घ्यायची. मग एकेक दिशा बदलायची. यजमानांनी स्क्रूची टोकं तेवढी अंबत्तूरच्या एका जॉबशॉपमध्ये वळवून घेतली, बाकी सगळं याच मशीननं स्वतःसाठी बनवलं.

वर-खाली सरकणाऱ्या डोक्याची गोष्ट वेगळी आहे. समलंब आट्यांचा स्क्रू घर्षणामुळे आपोआप अडकून राहतो, हात सोडला तरी डोकं खाली येत नाही. बॉलस्क्रूला हा गुण नाही. वीज गेली की मोटर सुटते, आणि डोकं स्वतःच्या वजनानं स्क्रूला उलटं फिरवत खाली घसरतं, कटरसकट, जॉबवर. म्हणून तिथे ब्रेक असलेली मोटर घ्यावी लागते, नाहीतर गॅसचा दांडा किंवा साखळीला टांगलेलं प्रतिवजन. मोगप्पैरच्या मशीनमागे कप्पीवरून गेलेली साखळी आणि तिला लोखंडी ठोकळा लटकलेला आहे. दिसायला ओबडधोबड. पण वीज जाते तेव्हा डोकं जिथल्या तिथे थांबतं.

अंबत्तूर: बीड आणि निळा रंग

अंबत्तूर औद्योगिक वसाहत १९६४ची. गिंडीची त्याआधीची, १९५८ची. पाडीला लुकास-टीव्हीएस, पेरांबूरला १९५५ पासून रेल्वेचे डबे बनवणारी इंटिग्रल कोच फॅक्टरी, पुढे श्रीपेरुंबुदूर-ओरगडमकडे मोटारींचे मोठे कारखाने. या सगळ्यांना लागणारे लहानमोठे भाग, जिग आणि फिक्स्चर पुरवणारी शेकडो शेड म्हणजे अंबत्तूर. भोसरी किंवा कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना इथे परकं वाटणार नाही. तोच कूलंटचा वास, तेच दारात पडलेले किसाचे ढीग, तीच जेवणाच्या सुट्टीतली डब्यांची रांग. फक्त डब्यात सांबारभात. इथल्या उद्योजकांची संघटना, आयेमा, नंदंबाक्कमच्या ट्रेड सेंटरमध्ये 'अ‍ॅकमी' नावाचं मशीन टूल्सचं प्रदर्शन भरवते. तिथे नवी चकचकीत मशीनं बघायची आणि परत येऊन शेडमधल्या जुन्यालाच जागं करायचं, असं करणारे इथे पुष्कळ आहेत.

मला इथे आणलं ते अण्णांना भेटवण्यासाठी. सत्तरीच्या आसपासचे, एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त. त्यांचं काम स्क्रेपिंगचं. मशीनचं टेबल ज्या कबुतरशेपटी खाचेत सरकतं, तिचे पृष्ठभाग वापरून वापरून मधोमध झिजतात, कारण काम नेहमी मधल्या भागातच होतं. टोकं तशीच राहतात. मग बाजूची गिब, म्हणजे निमुळती पट्टी, मधोमध बरोबर बसेल अशी आवळली तर टोकाला टेबल अडकतं. टोकाला बरोबर केली तर मधे हलतं. हातानं काम करणारा मधे आवळून तेवढ्याच भागात भागवतो. मोटर लावल्यावर एका टोकाला स्टेप चुकतात आणि दुसऱ्या जागी कटर थरथरतो.

यावर उपाय एकच, पृष्ठभाग पुन्हा सरळ करणं. अण्णा सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर पसरतात, त्यावर टेबलाची बाजू हलकेच घासतात आणि उचलतात. उंच ठिपक्यांना निळा लागलेला असतो. मग कार्बाइडच्या टोकाची पट्टी कमरेला टेकवून, शरीराच्या झोक्यानं, फक्त ते ठिपके खरवडतात. एका फटक्यात निघतो काही मायक्रॉनचा पापुद्रा. पुन्हा रंग, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला दहा-पाच मोठे निळे डाग दिसतात. दिवसाअखेर इंचभर चौकोनात बारीक ठिपक्यांची दाट नक्षी उमटते. ठिपक्यांमधल्या उथळ खळग्यांत तेल साठतं आणि टेबल त्या तेलावर सरकतं. ग्राइंडिंगनं आलेल्या आरशासारख्या पृष्ठभागावर तेल टिकत नाही, दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना चिकटू पाहतात.

अण्णांना कॉम्प्युटरचं प्रेम नाही आणि रागही नाही. मी दुभाष्याच्या मदतीनं विचारलं की हात काढून टाकण्यासाठी इतकं हातकाम, हे विचित्र नाही का वाटत. त्यांना प्रश्नच समजला नाही, आणि नंतर मला तो प्रश्नच कच्चा वाटला. त्यांच्या दृष्टीनं मशीन सरळ असलं पाहिजे, ते कोण चालवणार हा पुढचा भाग. त्यांच्याकडे दोन मुलं शिकायला येतात. पूर्वी टूलरूममध्ये असे डझनभर असायचे. नव्या मशीनांत सरकायला गोळ्यांच्या तयार रेल बसवतात, झिजली की बदलायची, म्हणून स्क्रेपिंगची गरज कमी होत चालली. पण जुनं बीड अजून इतकं शिल्लक आहे की या दोन मुलांना आयुष्यभर काम पुरेल. हे कसब एका पिढीत विरून गेलं तर ती सगळी मशीनं भंगारात जातील आणि ते नुकसान वर्षानुवर्षं भरून निघणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

जुनं बीड चांगलं का, याचंही कारण आहे. ओतकाम थंड होताना आत ताण अडकतात आणि ते हळूहळू सुटत जातात. तीस-चाळीस वर्षं उभ्या असलेल्या मशीनचं अंग जे काही वाकायचं ते वाकून कधीच स्थिरावलेलं असतं. एकदा सरळ केलं की सरळ राहतं. इथे पुराचाही संदर्भ येतोच. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात अंबत्तूरच्या शेडांत पाणी भरलं, मशीनं पाण्यात बसली. बीड धुता येतं, गंज खरवडता येतो. बेअरिंग बदलता येतात. पण कंट्रोल पॅनेलमधले बोर्ड पाण्यात राहिले की संपले, आणि वीस वर्षांपूर्वीच्या कंट्रोलरचे बोर्ड कंपनीकडेही मिळत नाहीत. अशा वेळी धडधाकट अंगाच्या मशीनला नवा मेंदू बसवता येणं हे छोट्या उद्योजकाला जगवणारं कसब ठरतं. घरी छंद म्हणून शिकलेलं रूपांतर इथे पोटापाण्याच्या कामाला येतं.

आकड्यांनी चालणारं पहिलं मशीन हेही रूपांतरच

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स यांचा हेलिकॉप्टरची पाती बनवण्याचा कारखाना होता. पात्याच्या आडव्या छेदाचा साचा कापायचा तर तो वक्र अचूक हवा. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डांच्या गणकयंत्रावर वक्रावरचे २०० बिंदू काढले. मग मशीनवर एक माणूस आकडे मोठ्यानं वाचायचा, दुसरा एका दिशेचं हँडव्हील फिरवायचा, तिसरा दुसऱ्या दिशेचं. आकडा, बिंदू, खाच. आकडा, बिंदू, खाच. मधले उंचवटे नंतर कानशीनं काढायचे. तीन माणसं मिळून जे करत होती, ते पंचकार्डच थेट मशीनला का सांगू शकणार नाही, या प्रश्नातून पुढचं सगळं निघालं. १९४९ मध्ये हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेलं आणि १९५२च्या सप्टेंबरात जगाला दाखवलेलं पहिलं यंत्र हे नवं मशीन नव्हतंच. सिनसिनाटी कंपनीचं वापरलेलं हायड्रो-टेल मिलिंग मशीन घेऊन त्याचे मूळ नियंत्रक काढून टाकले होते. नव्या नियंत्रकात शेकडो निर्वात नळ्या आणि रिले होते, आणि तो मशीनपेक्षा जास्त जागा अडवत होता. मोगप्पैरच्या पार्किंगमध्ये जे चाललंय त्याची वंशावळ थेट तिथे जाते.

पण त्याच काळात दुसरा एक रस्ताही होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अशी पद्धत बनवली होती की कुशल कारागिरानं एक जॉब हातानं करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि मशीननं त्या पुन्हा पुन्हा करायच्या. कारागिराचा हात तसाच्या तसा फितीत. हा रस्ता मागे पडला. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या १९८४च्या पुस्तकात मांडलंय की यामागे तांत्रिक कारणांपेक्षा कामावरचा ताबा कोणाकडे हा प्रश्न मोठा होता. फितीचा रस्ता ज्ञान शेडमध्येच ठेवत होता, आकड्यांचा रस्ता ते वरच्या कार्यालयात नेत होता. आकड्यांनी वक्र पृष्ठभाग कापता येतात, जे हातानं कधीच नोंदवता आले नसते, हेही तितकंच खरं आहे. तरी नोबल यांच्या म्हणण्यातलं तथ्य मोठ्या कारखान्यांत आजही दिसतं. प्रोग्राम लिहिणारा एसीत, जॉब चढवणारा खाली, आणि दोघांची भेट जॉब बिघडल्यावर.

घरगुती रूपांतरात ही फाळणी होत नाही. बॅकलॅश मोजणारा, गिब आवळणारा आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस एकच. मला या छंदाचं महत्त्व वाटतं ते यासाठी.

अडीच मायक्रॉनची पायरी

स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते. ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे दहा भाग करतो, म्हणजे २००० स्पंद दिले की एक फेरा. एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकतं. भागाकार केला की एका स्पंदाला अडीच मायक्रॉन. हा आकडा बघून नवशिके हुरळतात. पण पायरी अडीच मायक्रॉनची असली म्हणून टेबल अडीच मायक्रॉन अचूक जात नाही. सी७ स्क्रूची चूक, बेअरिंगमधली ढिलाई, गिबची पकड आणि खुद्द बीडाची लवचीकता या सगळ्यांची बेरीज त्याच्या कित्येक पट असते. मोटरची ताकदही वेग वाढला की झपाट्यानं उतरते, म्हणून स्टेप चुकतात त्या बहुधा वेगवान चालीत. ज्यांना परवडतं ते किती फिरलं हे मोजणारा एन्कोडर असलेली मोटर घेतात. ती चुकली तर निदान थांबून ओरडते.

स्पंद पाठवणारा मेंदू कोणता, यावर छंदवाल्यांत कडाक्याचे वाद आहेत. नॉर्वेत २००९ मध्ये लिहिलेलं 'जीआरबीएल' छोट्या आर्डुइनो बोर्डावर चालतं आणि लहान मशीनला पुरेसं आहे. लिनक्ससीएनसीचा उगम अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेतला, सार्वजनिक पैशातून झालेलं काम म्हणून सर्वांना खुलं. यजमान तेच वापरतात. त्याला जुना पॅरलल पोर्ट असलेला संगणक चांगला चालतो, आणि असे संगणक माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर अजून मिळतात. तिथला दुकानदार आधी विचारतो, सीएनसीला हवाय का. प्रोग्रामची भाषा मात्र सगळीकडे तीच. जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, जी०२ आणि जी०३ म्हणजे कंसात, एम०३ म्हणजे स्पिंडल, कटर फिरवणारा दांडा, सुरू.

विजेचा त्रास वेगळाच. स्पिंडलचा वेग बदलणारा व्हीएफडी सुरू झाला की शेजारच्या तारांत खोटे स्पंद उठतात. टेबल टोकाला पोचल्याचं सांगणारा लिमिट स्विच कोणी न दाबताच दाबल्याचा निरोप जातो आणि मशीन अर्ध्यात थांबतं. जाळीदार आवरणाच्या तारा, त्या आवरणाचं अर्थिंग एकाच टोकाला, मोटरच्या आणि सिग्नलच्या तारा वेगळ्या मार्गानं. याला वेळ द्यावाच लागतो. आणि लाल बटण. ते दाबल्यावर कॉम्प्युटरला निरोप जाऊन भागत नाही, मोटरचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे. कॉम्प्युटर अडकला असेल तेव्हाच तर ते बटण दाबायची वेळ येते. यजमानांच्या पॅनेलवर त्या बटणाच्या वर गेल्या आयुधपूजेचा चंदन-कुंकवाचा टिळा अजून आहे. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी इथे त्याच दिवशी शेडमधलं प्रत्येक मशीन धुऊन-पुसून, भस्माचे पट्टे ओढून सजतं. मॉनिटरलाही पट्टे.

वर्तुळाची परीक्षा

सगळं जोडून झालं की पहिला जॉब बहुतेकजण एकच करतात. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर ५० मिलिमीटरचं वर्तुळ. वर्तुळ कापताना चार ठिकाणी, बरोबर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक अक्ष दिशा बदलतो. बॅकलॅश उरला असेल तर नेमक्या त्या चार जागी छोटी सपाटी किंवा ओरखडा उमटतो. वर्तुळ लंबगोल झालं तर एखाद्या अक्षाचे स्पंद चुकीचे मोजलेत. तिरकं लांबट झालं तर दोन अक्ष काटकोनात नाहीत, गुण्या लावून पुन्हा बघायचं. मायक्रोमीटरच्या आधी बोटाचं पेर कडेवरून फिरवायचं. सपाटी आधी बोटाला कळते.

यजमानांनी माझ्यासमोर कापलेल्या वर्तुळावर डावीकडे एक अगदी हलकी खूण होती. ते खूश झाले नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते, दिशा बदलली की तेवढे जास्तीचे स्पंद पाठवायचे. त्यांनी ती टाकायचं नाकारलं. भरपाईनं माप येतं, पण कटरनं ओढलं की फट तशीच उघडी असते. बेअरिंगचं लॉकनट जरासं आवळून पुन्हा कापायचं ठरलं.

मापाच्या बाबतीत चेन्नईचं हवामानही हिशेबात धरावं लागतं. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला गृहीत धरलेली असतात. इथे जानेवारीतल्या पहाटेही पारा जेमतेम तिथवर उतरतो, आणि मी गेलो तेव्हा जून होता, पार्किंगमध्ये ३५ अंश. १०० मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम १५ अंशांनी तापलं की सुमारे ३५ मायक्रॉन वाढतं, पोलाद त्याच्या निम्मं. पोलादी मायक्रोमीटरनं अ‍ॅल्युमिनियम मोजलं तर फरकाचे १७-१८ मायक्रॉन दिसतात, आणि मशीन बिघडलंय असं वाटतं. बॉलस्क्रू चालून चालून तापतो तो वेगळाच. म्हणून त्याचं एक टोक पक्कं धरतात आणि दुसऱ्याला लांबायला मोकळीक ठेवतात. खाऱ्या, दमट हवेत उघडं बीड एका रात्रीत तांबूस होतं. काम संपलं की झाडून, तेल पुसून, कापड टाकूनच दिवा मालवायचा, हा या घरातला नियम.

या मशीनवर होतं काय? जुन्या मोटरसायकलींचे न मिळणारे ब्रॅकेट, शेजारच्या मुलीच्या कॉलेज प्रकल्पातले रोबोचे भाग, एका दंतवैद्यांच्या उपकरणाची तुटलेली पकड. कारखान्यातल्या नव्या सीएनसी मशीनची सर याला नाही आणि यजमानांचा तसा दावाही नाही. पण इंजिनिअरिंगच्या मुलांना ते मुद्दाम इथे बोलावतात. कॉलेजात मुलं जी-कोड शिकतात, परीक्षा देतात, आणि स्क्रूला फट असते हे त्यांना ठाऊकच नसतं. प्रत्येक अभियांत्रिकी कॉलेजानं वर्कशॉपमधलं एखादं हातमशीन मुलांच्या हवाली करावं, दोन वर्षं द्यावीत आणि ते त्यांच्याकडूनच सीएनसी करून घ्यावं. तयार संच विकत घेऊन भिंतीशी उभा करण्यापेक्षा ते कितीतरी पटीनं शिकवून जाईल. महाराष्ट्रातल्या कॉलेजांनाही हे तितकंच लागू आहे.

निघताना यजमानांनी पार्किंगच्या दुसऱ्या कोपऱ्यातली ताडपत्री उचलून दाखवली. खाली एक छोटा वापरलेला लेथ. त्यालाही सीएनसी करायचंय, आणि ते काम वेगळ्या अर्थानं कठीण आहे. लेथवर आटे पाडायचे तर स्पिंडल किती फिरला हे क्षणोक्षणी कळून त्याच ठेक्यात हत्यार सरकलं पाहिजे, म्हणजे स्पिंडलवर एन्कोडर आला. मी विचारलं, मोटारी मागवल्या का. "अजून नाही हो. पुढच्या आठवड्यात अण्णा बेड बघायला येतायत. ते काय म्हणतात त्यावर पुढचं."